गाडी डावीकडे ओढते

२ मार्च, रविवार

फाटकाचा खांब! पुन्हा तोच, डावीकडचा. गेल्या महिन्यात नुसता रंग खरवडला होता, आज मडगार्डच चेपलं. बाबा खाली उतरले, चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते."

"खांब काही चालत आला नव्हता!" — आई, खिडकीतून.

आईने जाहीर करून टाकलं. म्हातारी (म्हणजे गाडी, माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून घरात तिला म्हातारीच म्हणतात) दुरुस्त होईपर्यंत आई तिच्यात बसणार नाही. आणि बाबांनी एकट्यानेही कुठे जायचं नाही. मावशीकडे जायचं दोघांचं ठरलेलं होतं, ते लांबलं. किल्ली मी काढून घेतली. वाटलं होतं, मोठं भांडण होईल. बाबांनी मुकाट्याने दिली.

३ मार्च, सोमवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हाताला धरून आणलं. त्याने पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं — खडखड, खडखड. "ताई, स्टिअरिंगचे जॉइंट पार गेलेत. झिजून झिजून गुळगुळीत. उद्या सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. आधी एक चक्कर मारून बघतो."

"चक्कर नको!" बाबा एकदम ओरडले. तो बिचारा दचकलाच. मग म्हणाले, "आम्ही घरीच बदलू."

आम्ही म्हणजे कोण? मी! बाबांना आता गाडीखाली शिरता येत नाही. मी दिवसभर ऑफिसात डोकं फोडून घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली. का, म्हणून विचारलं तर — "आपली गाडी आहे." हे काय उत्तर झालं?

५ मार्च

जॉइंट आणले. दुकानदार म्हणाला, "ही गाडी अजून चालते?" चालते, पण डावीकडे.

८ मार्च, शनिवार

कंबर मोडली. नखं काळी. केसांत गंज.

जॅक लावून गाडी उचलली, स्टँडवर ठेवली, पुढची चाकं काढली. इथवर सगळं छान. मग पहिलाच नट. त्याच्यातली पिन इतकी गंजलेली की ओढताच तुटली. ती तुकड्यातुकड्याने काढली. नट निघाला. जॉइंट निघेना! बाबा शेजारी स्टूल टाकून बसलेले. "त्याच्यावर मारायचं नाही. तो ज्या भोकात बसलाय, त्या लोखंडावर बाजूने मार. एकीकडून हातोडी टेकवून धरायची, दुसरीकडून हाणायची. आपोआप सुटतो." बरं. धरा मग एक हातोडी.

धरली आणि सोडली. माझ्या कानाशेजारी ठण्णकन पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. मी गाडीखालून किंचाळले, "अहो बाबा, साधी हातोडी धरता येत नाही का? माझं डोकं फुटलं असतं!"

"ग्रीस लागलंय हाताला," म्हणाले.

फडकं दिलं. त्यांनी हात पुसला. मग हातोडी उजव्या हातात घेतली, तेव्हा कुठे जॉइंट निघाला. निघाला तो असा आवाज करून की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी मेले असं वाटलं तिला. थोडक्यात वाचले होते, तेही सख्ख्या बापाच्या हातून!

९ मार्च, रविवार

बाबांची एक पद्धत आहे. हे जॉइंट ज्याच्या दोन टोकांना असतात, तो जुना रॉड काढला की टाकायचा नाही. एका जॉइंटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणायचा, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या, आणि नवे जॉइंट त्या दोऱ्याइतक्याच लांबीवर बसवायचे. म्हणजे चाकांची दिशा फारशी बिघडत नाही. लहानपणापासून बघते आहे. त्या दोऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

आज म्हणाले, "गाठ तू मार."

मारली. "सैल आहे," म्हणाले. पुन्हा मारली. "आता जागा सरकली." मग तुम्हीच मारा ना! नाही मारली. नुसते दोऱ्याकडे बघत बसले. हुकूम सोडायला मात्र पुढे.

पुढची गंमत. एका टोकाचा जॉइंट सहज फिरला, दुसऱ्या टोकाचा जागचा हलेना. तेल घातलं, शिव्या घातल्या, पान्याला पाइप लावून लोंबकळले. बाबा चहा पीत शांतपणे म्हणाले, "त्या टोकाचे आटे उलटे असतात. तू आवळते आहेस."

हे आधी सांगायला काय झालं होतं!

उलटं फिरवलं, निघाला. नवा लावायला गेले तर बसेचना. दुकानदाराने दोन्ही जॉइंट सुलट आट्यांचे दिले होते. आणि मी एखाद्या शहाणीसारखी खोक्याकडे न बघता घेऊन आले होते. हात टेकले.

१० मार्च

बदलून आणला. दुकानदार हसत होता. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, पण बोलावं लागलं.

१२ मार्च, बुधवार

म्हातारी अजून स्टँडवर, बिनचाकाची. शेजारी येता-जाता चौकशा करतात, जणू घरात कोणी आजारी आहे.

सकाळी आई बाबांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. "हल्ली फार लाडात आलेत," म्हणाली. बाबा लाजले. या वयात! मी पोळी तशीच तोंडात कोंबून निघाले.

१५ मार्च, शनिवार

झालं! झालं! झालं!

जॉइंट बसले, नट आवळले, नव्या पिना घातल्या, ग्रीस भरलं, चाकं चढवली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून दिशा पाहिली, इकडे अर्धा आटा, तिकडे अर्धा आटा केलं. बाबांनी स्टुलावरूनच मान डोलावली. पहिली चक्कर मी मारायची, असं तेच म्हणाले.

कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. हात सोडले. म्हातारी नाकासमोर! मी एकटीच गाडीत ओरडले.

घरी येऊन सांगितलं तर बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "हात सोडून बघितलंस?" हो. "अगदी सरळ?" अगदी. "पुन्हा एकदा जाऊन ये." गेले! आले! सरळ म्हणजे सरळ! एवढं राबून कौतुकाचा एक शब्द नाही. "बरं," म्हणाले, आणि हातावर हात ठेवून बसून राहिले. भयंकर राग आला. किल्ली त्यांच्यापुढे आपटली. "घ्या. उद्या आईला घेऊन मावशीकडे जा, आणि माझा पिच्छा सोडा."

१६ मार्च, रविवार

बाबा सकाळी एकटेच गाडी घेऊन गेले. लगेच आले. फाटकातून आत आणलीच नाही, बाहेर रस्त्यावर ठेवली. आई नवी साडी नेसून तयार.

किल्ली माझ्या हातात दिली. मग उजव्या हाताने डावा हात उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "गाडी सरळ आहे. ओढतो तो हा. स्टिअरिंगवर नुसता लोंबतो. जॉइंट खडखडत होते तोवर वाटायचं, गाडीचाच दोष असेल. खात्री करायची होती. परक्यासमोर नको होती."

मग म्हणाले, "मावशीकडे नको. डॉक्टरकडे चल. तू चालव."

बाबा पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर. आई मागे, नव्या साडीत. म्हातारी सगळा रस्ता सरळ चालली. एकदा तरी ओढायचं होतंस गं, मेले!