टेकडीमागची बाग

किशिनाव, ९ जून

प्रिय इलारिओनदादा,

तू बरा असशील आणि इटलीतलं गवंडीकाम ठीक चाललं असेल, असं धरून चालते. विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. बाबांशी भांडून गेलास, तेव्हापासून माझाही फोन उचलत नाहीस.

जाताना म्हणाला होतास, "मोल्दोवात फक्त बाहेर पाठवायला माणसं तयार होतात. बाकी इथे काही बनत नाही." घे आता. पृथ्वीचे फोटो काढणारा आपल्या देशाचा पहिला उपग्रह आम्ही बनवला. पावाच्या लादीएवढाच आहे, पण वर फिरतोय. त्याच्या तारा मी जोडल्यात. मला अभिमान वाटतो आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

फजितीही ऐक. मार्चमध्ये चाचणीच्या प्रत्येक फोटोत एक धूसर रेघ यायची. आम्ही कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. शेवटी आमच्या प्रमुख झिनोवियाबाईंनी भिंग उघडलं, तर आत लाल-पांढरा धागा. वसंताच्या सणाचा हा धागा, मर्त्सिशोर, आम्ही सगळ्यांनी प्रयोगशाळेच्या झग्याखाली छातीवर लावलेलाच होता. बाई म्हणाल्या, "लोकांच्या यंत्रात धूळ शिरते, आपल्या यंत्रात सण शिरला." धागा माझाच निघाला. तो मी जपून ठेवला.

वरून पहिला स्पष्ट फोटो आला, तो नेमका आपल्या गावाचा. या कॅमेऱ्यात जिवंत पानं लालभडक दिसतात, उघडी माती करडी. टेकडीमागची तुझ्या वाट्याची द्राक्षबाग तू गेल्यावर तोडून टाकली, असं बाबांनी मला सांगितलं होतं आणि तुलाही तसाच निरोप धाडला होता ना?

ती लालभडक आहे, दादा.

तण माजलं असेल, असं वाटून रविवारी गावी गेले. बाबा मला तिकडे जाऊ देईनात. तरी गेलेच. एकेक वेल छाटलेली, तारेला बांधलेली. मागून बाबा आले आणि म्हणाले, "त्याला कळवू नकोस. डोक्यावर बसेल." गुडघ्यांमुळे टेकडी चढताना ते आता वाटेत बसत बसत येतात. तेही कळवू नको म्हणाले.

मी हो म्हटलं नाही.

मर्त्सिशोर फळझाडाला बांधायचा असतो. तो धागा मी तुझ्या पहिल्या वेलीला बांधलाय, थोडा उशिराच. उपग्रहाने काढलेला फोटो सोबत आहे. द्राक्षं सप्टेंबरात काढायला येतील आणि त्या बागेत बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

बाबांना न विचारता, त्यांच्याही वतीने वाट पाहणारी,
तुझी दोरिना