संयोगिताचे न कापलेले दोनशे

तासगाव, ता. ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप दाजी (सुभेदार लालासाहेब, हे पाकिटावर लिहिलंच आहे) यांना धाकटा मेहुणा जोतीराम याचा दंडवत. तिकडच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे संयोगिता फारच खुशाल आहे आणि मी आहे तसा आहे. हे फोनवर कळवलं असतं, पण माझा फोन ती वाचते, म्हणून कागद.

दाजी, आम्ही नवरा-बायको बेदाण्याच्या एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. पगार दोघांनाही प्रत्येकी साडेचोवीस हजार. दार एक, मस्टर एक, डबाही एक (भाजी तिच्या आवडीची). पण पगाराच्या चिठ्ठीत माझे दरमहा दोनशे व्यवसाय कराचे कापले जात, फेब्रुवारीत तर तीनशे, आणि तिच्यापुढे नुसती रेघ! मी आप्पासो मालकांना जाब विचारला. ते म्हणाले, "आरं, बाईमाणसाला पंचवीस हजारापतोर माफी हाय. सरकारचा कायदा हाय, मी फकस्त कापून भरतो." आणखी कुणाला माफी म्हणून विचारलं, तर फौजेतली माणसं निघाली. म्हणजे तुम्हीसुद्धा! (भरतीला मी तीनदा उभा राहिलो आणि तिन्ही वेळा छाती कमी पडली, हे आक्काने तुमच्या लग्नात मांडवभर सांगितलं होतं.) खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. त्यात पगाराच्या दिवशी संयोगिता दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवून दर महिन्याला नव्याने विचारायची, "आवं, तुमचं दोनशे कमी कसं?"

दिवाळीच्या तोंडावर मालकांनी तिला प्रतवारीची सुपरवायझर करायचं ठरवलं. पगार सत्तावीस हजार. मी तिच्या पाच वर्षं आधी लागलेला माणूस. ती जागा माझी होती. तोंडावर मात्र काळजी आणून म्हणालो, "लय इचार कर गं. पंचवीसची रेघ वलांडलीस की माफी गेली. मग बस कापून घेत माझ्यावानी." तिला पटलं, दाजी. तिने जाऊन मालकांना चक्क नको म्हणून सांगितलं. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. लिहायला लाज वाटते, पण खाल्ल्या.

मालकांनी तिच्या हातात कॅल्क्युलेटर दिला. अडीच हजार वाढणार, दोनशे जाणार, म्हणजे हातात तेवीसशे जास्तच. "ह्यो शानपना तुला शिकवला कुणी?" असं त्यांनी विचारलं, तर तिने माझं नाव घेतलं नाही. घरी येऊन 'तेवीसशे' एवढंच कागदावर लिहून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

परवा तिचे पहिले दोनशे कापले. वाटलं, चला, आता तरी बरोबरी झाली. तर हिने कपातीचे पेढे वाटले! "आता मी बी भरतीया," म्हणून मुकादमापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना चिठ्ठी दाखवली. माझे अकरा वर्षं कापताहेत, मला कुणी बत्तासा दिला नाही. पूर्वी तिचे कापत नव्हते म्हणून जळत होतो, आता कापतात म्हणून जळतो.

आक्काला नमस्कार. तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
जोतीराम

ता. क. – वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका.

ता. क. – यमाईच्या यात्रेला तुम्ही रजेवर गावी औंधला येणार, तेव्हा आम्हालाही बोलवा. पण बोलावणं संयोगिताच्या नावाने धाडा आणि "जोतीरामला घेऊन येणे" असं ठळक लिहा. माझ्या रजेच्या अर्जावर सही आता तिची लागते, आणि अर्ज आठ दिवस तिच्या टेबलावर पडून आहे.

ता. क. – दाजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं हुतं. रजा मंजूर हाय, दोघं बी येतो. माझ्या पगाराच्या चिठ्ठीचा फोटू काढून आख्ख्या भावकीला ह्यांनीच धाडलाय, तेवढं लिवायचं इसरलेत. – संयोगिता