अर्धी कांडी

सोमवार, ३ जून

आलो एकदाचा! विमान इतकं लहान की चढण्याआधी आम्हाला सामानासकट काट्यावर उभं केलं. वर्षभरात माझं वजन चांगलंच उतरलंय, त्यामुळे आकडा मोठ्याने वाचला गेला त्याचा मला आनंदच झाला. इथल्या धावपट्टीवरची डुकरं कुणीतरी हाकलली आणि मग आम्ही उतरलो. नर्स तेरेसिया मोटरसायकल घेऊन आली होती. तिने माझ्या डोक्यावर फुलांचं कडं चढवलं, माझ्या शर्टावरची अक्षरं वाचली आणि खो खो हसली. शर्ट आरोग्य खात्याचा आहे. छातीवर लिहिलंय, 'तंबाखू सोडा, श्वास जोडा'.

राजधानीहून, तरावाहून, मला दोन कामांसाठी धाडलंय. दवाखान्यातले आणि शाळेतले संगणक एकमेकांना जोडायचे आणि छपरावरच्या तबकडीतून मोठ्या इस्पितळापर्यंत पोचवायचे, हे एक. लोकांना चाला, साखर कमी करा, तंबाखू सोडा हे सांगायचं, हे दुसरं. दुसऱ्यासाठी निवड झाली ती मी स्वतः तंबाखू सोडलीय म्हणून. ती गोष्ट मी इतक्या गावांच्या मंडपांतून सांगितलीय की माझी बायको अकेनेता झोपेतही म्हणून दाखवेल.

उतरलोय नेई कोकोरियाकडे. एकटी म्हातारी, जीभ तिखट, हाताला चव. ताजा मासा, अळूचे कांदे, वर खोबऱ्याचं दूध. जेवण झाल्यावर तिने तंबाखूची एक काळी कांडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, उद्या बंगोत्यावर जाऊन ये, ताडी काढणारा म्हातारा ताकेबाबा नेईल तुला. तिथल्या दगडांत बेटाची जुनी माणसं, गेलेले पूर्वज, राहतात; त्यांच्यापुढे तंबाखू ठेवायची, आलोय म्हणून नाव सांगायचं, तिथली वाळू गालांना लावायची. मग बेट माणसाला ओळखतं. हे मला कुणी सांगायला नको, माझ्या आजोळच्या बेटावरही तेच आहे. पण हा शर्ट घालून, हातात तंबाखू घेऊन गावातून मिरवत जायचं? मी म्हणालो, बाबांना कशाला त्रास, मी एकटाच जाईन. ती म्हणाली, एकटा जा नाहीतर नाचत जा, पण जा.

बुधवार, ५ जून

तारा ओढून झाल्या. सूर्याच्या बॅटऱ्या जुन्या आहेत पण तग धरतील. सकाळी गावातल्या बायकांना घेऊन समुद्राच्या कडेने चालायला गेलो. निम्म्या जणी वाटेत शिंपले वेचायला बसल्या आणि म्हणाल्या, हासुद्धा व्यायामच की रे.

दुपारी तेरेसियाची शिकवणी. मी म्हणालो, प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. नवीन यंत्र आलं की ते आधी हाक घालतं, मी आलोय, मला जागा द्या. मग राउटर त्याला क्रमांक देतो आणि इतरांना ते ऐकू येऊ लागतं. हाक घातली नाही तर ते नुसतंच दिवा लावून बसतं, त्याचं कुणी ऐकत नाही. तेरेसिया म्हणाली, म्हणजे आपला बंगोताच झाला की! मी हसलो. मग तिने विचारलं, दोघांनी एकच क्रमांक लावला तर? मी सांगितलं, मग भांडण. बाकीचे ज्याचं उत्तर ऐकतात तो राहतो, दुसरा बाहेर. ती म्हणाली, खरा कोणता हे कुणी बघत नाही का? मी म्हणालो, यंत्रांना खरं-खोटं कळत नाही, बाई.

जाताजाता तिने विचारलं, बंगोत्यावर जाऊन आलात ना? मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. कांडी माझ्या पिशवीतच आहे.

शुक्रवार, ७ जून

हे फक्त इथेच लिहितोय.

जेवणानंतर सारं गाव आडवं झालं होतं. मी बॅटरीच्या खोलीमागे गेलो, केवड्याच्या पानात तंबाखू गुंडाळली आणि ओढली. वर्षभरानंतर. बेटाच्या जुन्या माणसांसाठी दिलेली तंबाखू, शर्ट अंगात असताना. पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं आणि दुसरा मी घाईघाईने घेतला. अर्धी कांडी संपली. उरलेली रुमालात बांधली. तोंड धुतलं, खोबरं चावलं. मग खोलीमागचीच वाळू उचलून दोन्ही गालांना फासली, म्हणजे म्हातारीने विचारायला नको.

कोकोरिया मासे साफ करत होती. जवळ आली, अंगठ्याने माझा गाल पुसला, अंगठा निरखला. बंगोत्याची वाळू पांढरी असते. ही करडी होती. तिने अंगठा लुंगीला पुसला आणि पुन्हा मासे घेऊन बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की जेवणात मीठ आहे की नाही तेही कळलं नाही.

रविवार, ९ जून

चर्चमध्ये प्रार्थनेनंतर ताकेबाबाने मला पाठीत धपका घातला. म्हणाला, काल काय गप्पा मारल्यास रे लेका, माझी ताडी काढायची राहिली तुझ्यापायी! काल दुपारभर मी शाळेत तारा जोडत होतो. ताकेबाबाला आजवर दुरूनच पाहिलंय. मी तसं म्हणालो तर तो हसत सुटला. म्हणाला, तरावाची माणसं फार थट्टेखोर.

म्हातारा आहे, चुकला असेल.

सोमवार, १० जून

माझा संगणक म्हणतो, हा क्रमांक आधीच वापरात आहे. म्हणून त्याला दुसरा क्रमांक दिला आणि जुन्याला हाक घातली. उत्तर आलं. शाळेतली यंत्रं बंद केली, दवाखान्यातली बंद केली, तेरेसियाचा फोन बंद करायला लावला. पुन्हा हाक घातली. उत्तर आलं, आणि आधीपेक्षा लवकर. जवळच असल्यासारखं.

संध्याकाळी कोकोरियाने मला ताट वाढलं नाही. विचारलं तर म्हणाली, अरे आत्ताच तर पोटभर जेवलास, साखरेचं व्याख्यान दिलंस, आणि आता परत? माझं पोट रिकामं होतं. वाद घालायचं धैर्य झालं नाही. खोटं कुणी आधी सांगितलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मंगळवार, ११ जून

तेरेसिया शिकवणीला बसली नाही. म्हणाली, तो धडा काल तुम्हीच घेतलात, आणि काय छान समजावलंत. वही दाखवली. अक्षर तिचं, उदाहरणं माझी. मला अजून न सुचलेली, पण माझीच.

खिडकीतून दिसलं. बायका चालायला निघाल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे माझा शर्ट. तोंड पलीकडे होतं. मान मात्र माझी — डाव्या बाजूला जरा कललेली.

मी पळत गेलो. बायका शिंपले वेचत होत्या. पुढे कुणी नव्हतं.

बुधवार, १२ जून

रस्त्यात कुणी 'मौरी' म्हणून नमस्कार करत नाही. आपल्याकडे वैऱ्यालाही म्हणतात. मी म्हणतो — माणसं बाजूने निघून जातात. रागाने नव्हे. रिकाम्या रस्त्याने जावं तशी.

तबकडीवरून अकेनेताला फोन लावला. लागला! तिचा आवाज ओला होता. म्हणाली, पुन्हा कशाला केलास, आत्ताच तर बोललो. मग म्हणाली, तंबाखूचं तू स्वतःहून सांगितलंस ना, त्याचं मला फार बरं वाटलं. मी रागावले नाही रे. खोटं बोलत राहिला असतास तर मात्र —

मी ओरडलो, अकेनेता, तो मी नव्हतो! ती म्हणाली, हॅलो? हॅलो? आवाज येत नाही. आणि ठेवून दिला.

त्याने सांगितलं. जे मला जमलं नाही ते त्याने केलं. माझ्याच तोंडाने माफी मागितली, माझ्याच बायकोने दिली. भीती वाटतेच आहे. पण लाज तिच्याहून मोठी आहे.

गुरुवार, १३ जून

कोकोरियाच्या माचघरात, मी झोपायचो तिथे, त्याची चटई. माझी बाहेर, डुकरांजवळ. कोकोरियाने टाकलेली नाही. कुणीच टाकलेली नाही.

उद्या गावची सभा आहे. सगळ्यांसमोर सांगेन. मग तरी —

शुक्रवार, १४ जून

मंडपाच्या मधोमध उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो, मी बंगोत्यावर गेलो नाही. तुमच्या जुन्या माणसांची तंबाखू मी ओढली. खोटी वाळू लावली. मला काय करायची ती शिक्षा करा. एक शब्दही लपवला नाही. आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

कुणी मान वळवली नाही. एका बाईने माझ्यातून हात घालून पंखा घेतला.

ते त्याच्याकडे बघत होते. तो खांबाला टेकून बसला होता, माझा शर्ट, गालांवर पांढरी वाळू. तंबाखू कशी सोडली ते सांगत होता. माझीच गोष्ट. फक्त शेवटी थांबला आणि म्हणाला, इथे येऊन मी पुन्हा ओढली, मला माफ करा. सारा मंडप गलबलला. ताकेबाबाने त्याला मिठी मारली.

कोकोरिया एकटीच माझ्या दिशेला पाहत होती. डोळे भरलेले. मी तिच्यासमोर बसलो, मावशी म्हणालो. तिने हवेत हात फिरवला — गाल शोधत असावी — आणि हळूच म्हणाली, किती वाट पाहिली रे तुझी, दोन दिवस तरी आधी —

शनिवार

बंगोत्यावर आहे. लख्ख ऊन. दगडांपुढे रुमाल सोडला. अर्धी कांडी. उष्टी. याहून दुसरं काही माझ्याकडे नाही.

नाव सांगायचंय. आठवतंय — ब — नाही, ते त्याने घेतलं.

वाळू गालांना लावतो. खाली पडते. पुन्हा लावतो. गाल लागतच नाही हाताला.

मागे कुणीतरी आलंय. दगडांवर सावली पडली, मान डावीकडे कललेली. थट्टा नाही करत तो. फार मायेने म्हणाला, उशीर केलास.

पेन्सिल दिसतेय, बोटं नाहीत. हाक तर घातलीच पाहिजे. मी आलोय. ऐका. मी आलोय, मला जागा —