शेऱ्याचा रकाना

लालबाग, नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

आई, इतकी वर्षं तुला काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तू गेलीस त्या वर्षी वहीत रोज तुझ्याशी बोलायचे. मग नोकरी लागली आणि वहीत कामांच्या नोंदीच उरल्या. आज लिहायला बसले, कारण कचेरीत आलेल्या एका बाईला मी परत पाठवलं आणि घरी येईपर्यंत तुझा अर्ज डोळ्यांपुढून हलेना. निराधार बायकांना सरकारी मदत मिळते ना, तिचे अर्ज मी तपासते. तू मला हाताला धरून नेलं होतंस, तसल्याच कचेरीत.

संपाचं दुसरं वर्ष होतं. आपल्या खाणावळीत पूर्वी दोन पंगती उठायच्या. गिरण्यांचे भोंगे थांबले, माणसं एकेक करून गावी गेली, आणि तू त्यांची ताटं घासून फडताळात उपडी घालत गेलीस. बाबा भाताच्या लावणीला म्हणून कोकणात गेले, ते आलेच नाहीत. पुढे पत्रंही थांबली. तू मसाला कांडायच्या डंखावर मिरच्यांची देठं खुडायला जायला लागलीस. संध्याकाळी माझी वेणी घालायची तर आधी बोटांना तेल चोळायचीस, तरी माझी मान चरचरायची. मी पाचवीत, घरात लिहिता येणारी एकटी. कचेरीच्या बाकावर अर्ज मांडीवर घेऊन मी तुला वाचून दाखवते आहे: विधवा की परित्यक्ता, एकावर खूण करा.

"परित्यक्ता म्हणजे काय गो?"

"टाकलेली."

तू पदर सारखा केलास. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "माका कोणी टाकूक नाय. गावाक गेलेत, असां लिही."

मी दोन्हीवर काट मारून तसंच लिहिलं. दीड महिन्याने अर्ज परत आला, खाली हिरव्या शाईत शेरा: 'पती हयात. नामंजूर.' तू तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतलास आणि म्हणालीस, "हयात म्हणजे जिते ना? मग बरां झालां." त्या रात्री तू जेवली नाहीस, पण कागद देवाच्या फळीवर ठेवलास.

गेल्या वर्षी नवा अर्ज ठरवायला समिती बसली, तिच्यात मी होते. एका कारकुनाच्या तीन शब्दांनी एका बाईचं काय होतं, ते मी तिथे सांगितलं. नाव घेतलं नाही, पण तुझंच सांगितलं. म्हटलं, शेऱ्याचा रकानाच काढून टाका, सगळं संगणकावर आणा, माणसाची लहर मध्ये नको. सगळ्यांना पटलं. मला त्याचा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

आजची बाई शीव कोळीवाड्यातली. दोन वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली. दोघांची प्रेतं मिळाली, तिच्या नवऱ्याचं नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरेपर्यंत अजून काही वर्षं थांबावं लागेल. तिचे गुडघे गेलेत, मासळीची टोपली उचलवत नाही. संगणकावर तीन पर्याय: विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित. एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, परित्यक्ता टाका आणि मोकळ्या व्हा." त्यासाठी नवऱ्याने सोडल्याचं तिचं सहीचं निवेदन लागतं. मी तिला तसं सांगितलं.

"सोरला? त्यानं?" ती हसली. "माझा हात कापला तवा म्हैनाभर बाजाराची मासली त्यानं साफ केली. अख्खा कोलीवारा हसला त्याला. आनि मी लिवून देऊ सोरला म्हनून?"

"मग मावशी, मला काही करता येत नाही."

"तुझ्या डब्यात तीन बायका बसल्यान, चवथीला जागा नाय होय?" पिशवी उचलता उचलता ती म्हणाली, "दर्याला गेलाय, लिव ना गो बाय. येवरंच तर हाय."

लिहायला जागा नव्हती. ती जागा मीच काढून टाकली होती.

आता जे समितीत सांगितलं नाही, तुलाही कधी सांगितलं नाही, ते लिहिते. त्या दिवशी तू माठाकडे पाणी प्यायला गेलीस तेव्हा तो कारकून खिडकीतून वाकून मला म्हणाला होता, "पोरी, आईला कळायचं नाही. परित्यक्ता लिही. नवऱ्याचा पत्ता लागत नाही असा शेरा मी मारतो, काम होऊन जाईल." मी मान हलवली आणि तरीही 'गावी गेले' असंच लिहिलं. तुझा शब्द राखायला नाही. माझ्या वर्गातल्या एकीचे वडील त्याच कचेरीत शिपाई होते. टाकलेलीची मुलगी म्हणून वर्गात कळेल, याची मला लाज वाटली. पुढची सहा वर्षं तू देठं खुडलीस, खोकत खोकत, आणि मी मनात त्या माणसाला शिव्या देत राहिले. शेऱ्याचा रकानाही त्याच्यावरच ठपका ठेवून काढून टाकला.

हे पत्र वहीतच राहील. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारी मीच होते.

उद्या सुट्टी आहे. कोळीवाड्यात जाऊन तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत कागदावर उतरवून घेणे, खाली शेरा लिहून माझी सही करणे.