ज्याचं माप त्याच्या पदरात

६ नोव्हेंबर

अक्का, माफ कर. निघताना तू ही वही हातात दिलीस, रोज चार ओळी लिहून महिन्याच्या महिन्याला पाठव म्हणालीस, त्याला आज सतरा दिवस झाले आणि मी पहिलं पान आत्ता उघडतोय. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. पाचवीत शाळेला दांडी मारली ती कायमची. लिहायला बसलं की कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी यातच घाम फुटतो. पण आज मन प्रसन्न आहे, म्हणून बसलो.

नोकरी छान लागली. इमारत नऊ मजली, आणि खाली तीन पायऱ्या उतरलं की पार्सलांची खोली. ती माझी. लोक हल्ली दुकानात जात नाहीत, फोनवर बोट दाबतात आणि वस्तू माझ्याकडे येते. साबण, चपला, मांजराचं खाणं. एकाने लिंबू पिळायचं यंत्र मागवलं, ते लिंबापेक्षा थोडंच मोठं. कुरिअरवाला सकाळी अकराला ढीग टाकून जातो, मी मजल्याप्रमाणे फळ्यांवर लावतो आणि दुपारी घरोघर वाटतो. सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी बजावलं, की काका, तुमचं काम एकच, आलेलं वाटायचं; विचारत बसू नका, साठवत बसू नका, वाटत जा. ते मी पाठ करून ठेवलं आहे. चुकलो तर या वयात दुसरं कोण ठेवून घेणार?

११ नोव्हेंबर

नवा गणवेश मिळाला. चौथ्या मजल्यावर एक शिवणाऱ्या बाई राहतात, एकट्याच, त्यांनी शिवला. माप घेताना मी पोट आत ओढलं तर म्हणाल्या, श्वास सोडा, काका, ओढून धरलेलं माप खोटं येतं, मापात पाप नको. मी म्हटलं, मला पोट आहेच कुठे. तर म्हणाल्या, आहे, पण लाजरं आहे.

तुझा थंडीचा कोटही त्यांच्याकडेच टाकला आहे. तू ओळखपाळखवर, फोनवरच्या त्या गप्पांच्या नि खरेदीच्या ॲपवर, तुझी मापं पाठवलीस ती त्यांना पोचली, मीही कागदावर उतरवून ठेवली. तुझ्या नावापुढे तू स्वतःच्या फोटोऐवजी फुलदाणी लावली आहेस ना, ती मीच त्यांना वर्णन करून सांगितली. बाई हसून म्हणाल्या, मग फुलदाणीला बाह्या किती लांब लावू ते विचारा.

आता तूही त्यांच्या ओळखीतली झालीस. इथे ज्याने त्यांना एकदा कापड दिलं तो त्यांच्या ओळखपाळखमध्ये जातोच. सगळी इमारत आहे.

१४ नोव्हेंबर

बाई आज दुपारी खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. कुणाला सांगू नका म्हणाल्या, पण तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. त्यांची नजर जात चालली आहे. आधी कडा गेल्या, आता मधलंही धूसर. ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनी आहे. तोवर कुणाला कळलं तर हातातलं काम जाईल. जिला दिसत नाही तिच्याकडे कापड कोण टाकेल? बोटांना सगळं येतं, असं म्हणाल्या, आणि खरंच, माझ्यासमोर डोळे मिटून सुई ओवली.

त्यांना दोन वस्तू हव्या होत्या. एक अंधांची पांढरी काठी, आणि एक बोलणारी टेप. अशी टेप असते म्हणे, लांबवली की माप तोंडाने सांगते. फोनवरची अक्षरं त्यांना लागत नव्हती म्हणून बटणं मी दाबत होतो. एक डोळ्यांनी अधू, एक अक्षरांनी अधू, बरी जोडी जमली. शेवटी फोनने विचारलं, ही खरेदी वाटू का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मला केवढं कौतुक वाटलं! आलेलं पार्सल वाटायचं, हेच तर माझं काम, आणि फोन आधी परवानगी विचारतोय. मी हो दाबलं. बाईंनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, काही नाही, पार्सल वाटायचं का विचारतोय. त्या म्हणाल्या, नाहीतर तुम्ही काय लोणचं घालणार होतात?

१६ नोव्हेंबर

अक्का, घात झाला.

सेक्रेटरीने सकाळी मला त्याचा फोन दाखवला. शिवणाऱ्या बाईंनी अंधांची पांढरी काठी आणि बोलणारी टेप घेतली, तुम्हालाही आवडेल! असं ओळखपाळखवर ठळक अक्षरांत, वर बाईंचा फोटो. त्यांच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना गेलं. मी विचारलं हे कुणी केलं. सेक्रेटरी म्हणाला, त्यांनीच असणार, खरेदी केली की तो विचारतो सगळ्यांत वाटू का. इंग्रजीत शेअर म्हणतात, यांनी मराठीत वाटणं करून ठेवलंय. आणि हसला.

खाली हसरे चेहरे एकतीस. सहाव्या मजल्यावरचा ठेकेदार, जो बाईंकडून दवाखान्याचे कोट शिवून घेतो, त्याने लिहिलंय, आता बाही कुठे आणि गळा कुठे, डॉक्टर लोक आंधळी कोशिंबीर खेळणार. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना मी मनात टापटीप म्हणतो, त्यांनी लिहिलं, तरीच म्हटलं माझी कॉलर वाकडी का. मी एकतीसही चेहरे बोट ठेवून वाचले. एका ठिकाणी फोटोच्या जागी फुलदाणीचं चित्र होतं. फुलदाणी काय, पुष्कळ लोक लावतात.

संध्याकाळपर्यंत लोक कापडं परत घेऊन गेले. ठेकेदाराने अर्धवट शिवलेले कोटही पोत्यात भरून नेले.

बाई लिफ्टमध्ये भेटल्या. हळूच विचारलं, काका, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय दाबलंत?

मी म्हटलं, नाही दाबलं.

२० नोव्हेंबर

बाई गेल्या. पार्सलांच्या खोलीच्या तीन पायऱ्यांवरून दुपारी चार वाजता पडल्या. काठीचं आणि टेपचं पार्सल त्याच दिवशी आलं होतं, ते घ्यायला उतरत असतील. मी तेव्हा वर सातव्या मजल्यावर वाटायला गेलो होतो. मला काही ऐकू आलं नाही. सगळ्यांना हेच सांगितलं आहे.

ठेकेदार खाली आला होता. म्हणाला, काठी वेळेवर मिळाली असती तर वाचल्या असत्या, आणि माझ्याकडे बघितलं. हा म्हणणार!

२४ नोव्हेंबर

बाईंचं पार्सल चौथ्या फळीवर तसंच आहे. त्यांचं मागे कुणी नाही, परत कुणाला पाठवू? आज दुपारी मी डबा खात होतो तर पार्सलातून आवाज आला. पन्नास. एकदाच. यंत्राचा आवाज, कोरडा. खोका सरकला असेल, बटण दबलं असेल, म्हणून सोडून दिलं.

मग सेक्रेटरी हसत आला. ओळखपाळखवर आलं होतं, सहाव्या मजल्यावरच्या ठेकेदाराने अंधांची पांढरी काठी घेतली, तुम्हालाही आवडेल!

२५ नोव्हेंबर

ठेकेदाराच्या नावाने लांब खोका आला. मी एका टोकाने उघडून पट्टी लावली, आतली काठी बरोबर पन्नास इंच. वर नेऊन दिला तर त्याने मी नाही मागवलं म्हणून माझ्या अंगावर भिरकावला. मी उचलून दारात उभा करून ठेवला. आलेलं वाटायचं.

२७ नोव्हेंबर

ठेकेदाराचे डोळे गेले. सकाळी उठला तो दिवा लावा, दिवा लावा म्हणून ओरडत. ऊन खिडकीतून पार बिछान्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणतात डोळ्यांत दोष नाही. ती काठी घेऊन जिन्याशी उभा होता, काठी थेट त्याच्या छातीपर्यंत, अगदी मापाची.

अक्का, खोटं कशाला लिहू. मला बरं वाटलं. मी खाली येऊन चहा घेतला आणि एकटाच हसलो.

३० नोव्हेंबर

परवा टेप म्हणाली, त्रेचाळीस. लगेच सगळ्यांच्या फोनवर टापटीप बाईंनी काठी घेतल्याचं आलं. काल काठी आली. मी केस विंचरून, गणवेशाची बटणं लावून वर गेलो आणि बेल दाबली. त्या दार लावून घेत होत्या, रडत होत्या, काका, परत पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, माझं काम वाटायचं, परत पाठवायचं नाही. कॉलर सरळ आहे ना आता, असंही विचारलं. इतकं धाडस मला कधी झालं नव्हतं.

मी हसणाऱ्यांची यादी भिंतीला लावली आहे, फुलदाणी सोडून तीस नावं. ज्याचं माप त्याच्या पदरात. बाई मोजतात, मी पोचवतो.

४ डिसेंबर

अकरा काठ्या झाल्या. सेक्रेटरीही झाला. काठी आली तेव्हा माझे पाय धरत होता. त्याला म्हटलं, साठवत बसू नका.

दिवसभर मजल्यामजल्यावर टक टक चालतं. लोक फोन बंद करतात, गच्चीवरून फेकून देतात. उपयोग नाही, दुसऱ्याच्या फोनवर येतंच. मला झोप छान लागते.

एक गोष्ट मात्र आहे. टेपचा आवाज आता यंत्रासारखा राहिला नाही. शेवटचा आकडा थोडा ओढून म्हणते. बाई तसंच म्हणायच्या.

६ डिसेंबर

आज म्हणाली, पंचेचाळीस. मी यादीत बघू लागलो की एवढ्या उंचीचं कोण राहिलं. तर पाठोपाठ, श्वास सोडा, काका.

मी हसलो नव्हतो. यादीत माझं नाव नाही. मी हसलोच नव्हतो, अक्का.

उभा राहून पट्टी लावली. जमिनीपासून छातीच्या खळगीपर्यंत. पुन्हा लावली. पंचेचाळीस.

७ डिसेंबर

कुरिअरवाल्याने लांब खोका दिला. नाव माझं.

लिहून टाकतो. मी सातव्या मजल्यावर नव्हतो. खोलीतच होतो. काठी त्यांना द्यायची तर समोर जावं लागणार, त्या पुन्हा विचारणार, म्हणून पार्सल मागे सारलं आणि दिवा मालवून बसलो. त्या वरच्या पायरीवर आल्या. म्हणाल्या, काका, माझी काठी आली का? मी श्वास ओढून धरला. दोनदा विचारलं. मग स्वतःच चाचपडत उतरू लागल्या—

मला नुसतं हो म्हणायचं होतं. नको तिथे हो दाबलं, आणि हवं होतं तिथे—

८ डिसेंबर

कडा गेल्या. पान नळीतून बघावं तसं दिसतं. खोका उघडला नाही तरी काय. खोक्यासकट काठी तोडली, जाळली, पुन्हा दाराशी उभी. टेप चपलेने ठेचली. तुकडे बोलतात.

दुपारी तुकडे म्हणाले, साडेचाळीस.

यादीतल्या कुणाचं नाही हे माप. इथे एवढं बुटकं कुणी—

तुझ्या कोटाच्या मापांचा कागद शोधला. डोळ्याला चिकटवून वाचला. उंची चार फूट दहा.

९ डिसेंबर

ओळीखाली पट्टी धरून लिहितोय, बोटाने चाचपून. ओळी एकमेकींवर गेल्या असतील. वही उद्या कुरिअरवाल्याच्या हाती—

अक्का, खरं सांग. ती फुलदाणी तुझी होती का? तू हसलीस का त्या बाईंना? चुकून बोट लागलं असेल. तुझं बोट थरथरतं, मला ठाऊक आहे. तसं असेल तर तसं सांग, मी त्यांना सांगतो. ऐकतात त्या. इथेच आहेत, माझ्या खांद्यावर टेप धरून—

तुझ्या नावाने फोनवर काही आलं का? लांब खोका आला तर घेऊ नकोस. दार उघडू नकोस. कुरिअरवाला म्हणेल आमचं काम वाटायचं—

लवकर कळव. पत्र नको, वाचणार कोण. फोन कर. मला दिवस कळत नाही, पण तुझा आवाज— नुसतं नाही म्हण. मी हसले नाही, एवढंच म्हण. खरं नसलं तरी—

नको, खोटं नको. माप खोटं येतं म्हणतायत. श्वास

लवकर, अक्का, लव