गुणगुणण्याची उरलेली गोष्ट

प्रिय ठमे,

हे पत्र तुझ्या दप्तरात, कंपासपेटीखाली ठेवतेय. समोर बसून सांगायला गेले तर नेहमीसारखी मधेच विनोद करीन आणि अलगद सटकेन.

आमच्या भूगोलाच्या बाईंची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. तोंड मिटून वर्गाने गुणगुणायचं, बाई डावीकडे वळल्या की डावीकडचे गप्प, उजवीकडचे सुरू. बाई बिचाऱ्या पंखा बंद करायच्या, खिडक्या लावायच्या, शेवटी स्वतःच्याच कानावर तळहाताने थापट्या मारायच्या. जेवताना मी त्यांची नक्कल करायचे आणि तू हसून हसून ताटावर लोळायचीस. पुरे आता, ठसका लागेल तिला, असं बाबा म्हणायचे आणि मी गोष्ट तिथेच संपवायचे. पुढची कधी सांगितली नाही, कारण तिच्यात तुझी आई फार वाईट दिसते.

मला तेव्हा फळ्यावरचं दिसत नव्हतं. चष्मा लागला तर पोरं चिडवतील म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं. मला एकटीला पुढे आणलंय हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी चकार शब्द न काढता सगळ्या वर्गाच्याच जागा बदलल्या. मग तुझ्या आजीला बोलावून चष्म्याचं सांगितलं. आणि मी काय केलं? पहिल्या बाकावरून गुणगुणायला लागले, कारण तिथून आवाज झकास पोहोचायचा.

एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, तुला वर्गात कसला आवाज येतो का गं, तू खरं सांगशील म्हणून विचारतेय. मी नव्या चष्म्यातून थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले, नाही बाई, काहीच नाही. त्यांनी विश्वास ठेवला. महिनाभर कानाच्या डॉक्टरकडे खेटे घातले. मग एक दिवस वर्गाला म्हणाल्या, माझ्या कानात दोष झालाय, तुमचा प्रश्न ऐकू आला नाही तर रागावू नका, पुन्हा विचारा. त्या दिवसापासून आम्ही गुणगुणणं बंद केलं, पण खरं कुणीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी शिकवणं सोडलं आणि शाळेच्या वाचनालयात बसू लागल्या. मी पुस्तक बदलायला गेले की हसून चष्म्याचा नंबर विचारायच्या. तीन वर्षं मी नुसता नंबरच सांगत राहिले.

काल तुझ्या नव्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, वर्गात कसला तरी आवाज येतो, तुझ्या बाकाकडून सुरू होतो असं वाटतं. मला तत्क्षणी कळलं. हे तुला दुसरं कोण शिकवणार? तरी तुझी बाजू घ्यायच्या नादात मी तोऱ्यात म्हणाले, माझी मुलगी असं करणार नाही, तुम्हाला भास होत असेल. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. बाहेर जिन्यात तू मला डोळा मारलास, तेव्हाही तुझा राग आला नाही, माझीच लाज वाटली. आज शाळा सुटताना मी येऊन बाईंना सांगणार आहे, की तो भास नाही, मीच ते घरी शिकवलंय. माझी माफी मी मागेन, तुझी तू मागायचीस. पण त्याआधीच त्यांनी तुला थांबवून विचारलं, आवाज येतो का, तर हो म्हण.

तुझीच,
पहिल्या बाकावरची आई