आईच्या वेगाने

प्रिय मिस्त्री,

हे नाव तुझ्या आईने ठेवलेले. सहा वर्षांची असताना तू घरातला रेडिओ उघडून पुन्हा जोडलास आणि दोन स्क्रू उरले तरी तो वाजत राहिला, तेव्हापासूनचे. मी ते कधी वापरले नाही. बापाने मुलीला थट्टेच्या नावाने हाक मारू नये, असे माझे मत होते. आज वापरतो आहे, कारण पुढचा मजकूर अर्धा तिचा आहे.

आधी माझी बातमी सांगून मोकळा होतो. दोन्ही डोळ्यांनी आता मधले काही दिसत नाही, फक्त कडेचे दिसते. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. फार आशा ठेवू नका, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. त्यांनी उगाच गोडवा घातला नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानले. वाचन थांबले. म्हणून गेल्या महिन्यात अंधशाळेतल्या एका शिक्षिकेला शिकवायला बोलावले आणि कपाटाच्या खालच्या खणातून तुझी ती डबी बाहेर काढली.

काचबिंदूने आईची दृष्टी गेली तेव्हा तू चार दिवसांची रजा काढून आली होतीस. ही डबी तेव्हाचीच: पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, त्याला कळफलक आणि वाटीएवढा स्पीकर. पडद्याचा पत्ताच नाही. त्यात तू स्क्रीन रीडर बसवलास. ज्या कळेवर बोट पडेल ते अक्षर तो बोलायचा, पुस्तक उघडले की वाचून दाखवायचा. तुम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून कसल्या कसल्या चुकांवर हसत होतात. पुढच्या खेपेला आईला ईमेल शिकवेन, असे सांगून तू गेलीस, आणि मीही व्याख्यानांसाठी दीड महिना बाहेरगावी गेलो.

परत आलो तेव्हा जिन्यातच एक आवाज ऐकू आला. पत्र्यावर खडे ओतावेत तसे कोणीतरी भरधाव बोलत होते. बोलत होते ते तुझे यंत्र, आणि आई त्याच्या शेजारी विणत बसली होती. यातले तुला कळते तरी काय, असे मी विचारले. सगळं, ती म्हणाली. मला एका वाक्याचाही अर्थ लागला नव्हता. त्यामुळे ती तुझे मन राखते आहे, असा निष्कर्ष मी काढला. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, युक्तिवादात लपलेले गृहीतक शोधून काढा म्हणून मुलांच्या मागे लागलो, आणि माझ्याच युक्तिवादातले गृहीतक मला दिसले नाही. जे मला कळत नाही ते कोणालाच कळत नसणार, इतके ते साधे होते.

मग मी सुधारणा हाती घेतली. दोन दिवस माहितीपुस्तिका वाचून काढली. तो घोगरा आवाज काढून टाकला आणि बातम्या देणाऱ्या बाईंसारखा सुसंस्कृत आवाज बसवला. वेग निम्म्याहून खाली आणला. विरामचिन्हांसाठी एक पर्याय होता, तो ‘सर्व’वर ठेवला, कारण लेखकाने दिलेला स्वल्पविराम वाचकापर्यंत पोचलाच पाहिजे. हे कोणी चुकून बदलू नये म्हणून त्यावर पासवर्डही घातला. आईला विचारले, आता कसे वाटते? छान आहे, ती म्हणाली. ते उत्तर मात्र मी जसेच्या तसे खरे मानले.

महिन्याभरात तिने यंत्र बाजूला सारले. कंटाळा येतो म्हणाली. पुढचे तुला ठाऊक आहे. मी तुला सात मुद्द्यांचे पत्र लिहिले. यंत्राची निवड, आईचे वय, तुझा उत्साह, सगळे क्रमाने तपासले आणि या विषयासाठी पुन्हा रजा काढण्याचे कारण नाही, असा समारोप केला. त्यानंतर तुझे फोन कापडाच्या सणंगासारखे घट्ट घडी घालून येऊ लागले: तब्येत, औषधे, ठेवते. आई गेली त्यानंतर, परत निघताना, दारात चपला घालत तू एकच प्रश्न विचारलास, “आईनं ते कधी वापरलं का हो, बाबा?” मी “नाही” म्हणालो. तू मान हलवलीस आणि पिशवी उचललीस. तेव्हा माझी नजर शाबूत होती. तुझा चेहरा मला पूर्ण दिसला होता.

आता त्या शिक्षिकेबद्दल. त्या स्वतः जन्मांध आहेत. त्यांनी यंत्र सुरू केले, दोन ओळी ऐकल्या आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, “सर, हे कोणी लावलं? शत्रूलाही असं ऐकवू नये.” मीच, असे सांगावे लागले. मग त्यांनी समजावले, की तो गोड आवाज या चिमुकल्या यंत्राला पेलत नाही. कळ दाबल्यावर अक्षर कानावर येईपर्यंत बोट पुढे गेलेले असते, आणि लिहिणारा आपण काय लिहिले हेच विसरतो. घोगरा आवाज तत्काळ बोलतो. सरावलेला कान त्याला भरधाव ऐकतो, जसा तुमचा डोळा ओळीवरून धावत होता, अक्षर अक्षर लावत नव्हता. त्या स्वतः तशा वेगाने आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवतात. पासवर्ड मला आठवत होता. तो दिल्यावर आवाज आणि वेगाची तू जपून ठेवलेली मूळ मांडणी सापडली. तिला तू ‘आई’ असे नाव दिले होतेस. त्यांनी ती लावली आणि जिन्यात ऐकलेले ते खडे पुन्हा ओतले गेले.

आणि मग त्यांनी विचारले, सर, मिस्त्री कोण?

यंत्रात त्या नावाच्या कप्प्यात आईची एकेचाळीस पत्रे आहेत. चाळीस मी बाहेरगावी होतो त्या काळातली, रोज एक; शेवटचे मी परतल्यानंतरचे. ईमेल तू पुढच्या खेपेला शिकवणार होतीस, म्हणून ती तिथेच साठत राहिली. आणि पुढची खेप मी माझ्या समारोपात रद्द केली. पत्रे तुझी आहेत. ती कोणाची हे कळण्यापुरत्या पहिल्याच्या दोन ओळी मी ऐकल्या, आणि शेवटचे पत्र चुकून सुरू झाले म्हणतो, पण मी थांबवले नाही, पूर्ण ऐकले. ते लहानच आहे. त्यात अक्षरे गळली आहेत, काही दोनदा पडली आहेत. ती लिहिते: “हे परत आले. आवाज बदललाय. आता मला नीट लिहिता येत नाही, मिस्त्री. पण ह्यांना सांगू नकोस. दोन दिवस खपून केलंय त्यांनी.”

सोबतच्या मेमरी कार्डावर एकेचाळीसच्या एकेचाळीस पत्रे आहेत. तिची मांडणी मी आता बदलत नाही; त्याच वेगाला कान लावतो आहे, अजून निम्मे निसटते. त्या मांडणीत विरामचिन्हे बोलली जात नाहीत आणि हे पत्र मी याच यंत्रावर लिहितो आहे, तेव्हा यात एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर समजून घे. हे सगळे लिहिले ते एका शब्दासाठी. दारात तू विचारलेस तेव्हाचे माझे ‘नाही’ मी मागे घेतो. तिने वापरले. रोज वापरले. बंद पाडले ते मी.

तुझाच, उत्तर बदललेला,
बाबा